उशीतला लाल कापूस

जिवंतपणी मी तुला कधी ‘तू’ म्हटलं नाही. ‘बाई’ म्हटलं, ‘तुमी’ म्हटलं, तुझ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही. तू थोरली जाऊ, मी धाकटी, त्याला इलाज नव्हता. आता म्हणते. काल तुझी तेरवी झाली, लोक जेवून, हात धुऊन आपापल्या गावाला गेले, आणि तू आता माझं काय वाकडं करणार आहेस?

सगळे तुझ्याबद्दल फार चांगलं बोलून गेले. एकीने तर तुला अन्नपूर्णा म्हटलं. मी तोंडाला पदर लावला, त्यांना वाटलं रडते आहे. अन्नपूर्णा म्हणे! तुझ्या वरणात मीठ सापडलं तर मला सण वाटायचा. पण मेलेल्या माणसाच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची रीत नाही, म्हणून अख्ख्या वलगावाने काल तोंड भरून खोटं बोलून घेतलं.

मला खोटं बोलायचं नाही. तू चांगली होतीस की नव्हतीस ते देव बघेल. चुकंदराच्या बाबतीत मात्र तू पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत चुकलीस, आणि एकदाही कबूल केलं नाहीस. तो वाद अर्धा टाकून गेलीस. ते बरं केलं नाहीस.

आठवतं का ते पहिलं वर्ष? कुठे तरी विलायतेच्या पलीकडे लढाई लागली आणि आपल्या काळ्या मातीतल्या कापसाला असा भाव आला की लोकांची डोकी फिरली. बैलांच्या शिंगांना चांदी आली. आपल्याच गावातल्या एका शहाण्याने गाडीच्या चाकाला चांदीची पट्टी ठोकली आणि पहिल्याच चिखलात ती गाडून आला. पैसा आला आणि माणसांची अक्कल गेली. तुझी जायला फारशी नव्हतीच, पण हौस मात्र आली. कापूस घ्यायला आलेले साहेब अमरावतीला बंगले बांधून राहिले. ते काय नेसतात, काय खातात, कुत्र्याला काय म्हणून हाक मारतात, सगळं तुला माहीत हवं. त्या बंगल्यांना भाजी पुरवायची ती रहमत बी बागवानीण. बंगल्यावर देऊन उरलेली पाटी घेऊन ती आपल्याकडे यायची. एक दिवस तिच्या पाटीत ते निघालं. साहेब त्याला बीट म्हणतात, ती चुकंदर म्हणायची. वरून मातकट, काळपट, हिरव्या पानांना लाल शिरा. तू असं पाहिलंस की जसं काही साहेबाची मडमच पाटीतून उतरली.

“बाई, छोटा लो,” रहमत बी म्हणाली. “मुठीत मावते तेवढंच. दाबून पाह्य, कडक पायजे. खाली ही शेपटी हाये नं, ती तुटलेली नइ पायजे. बडा तो लकडी निकलता.”

“येवढंसं घेऊन का नाकाले लावू?” तू म्हणालीस. “मोठं दे. आमच्या घरी काही कमी हाये का?”

आणि पाटीतली नारळाएवढी निवडून घेतलीस. मी हळूच चार लहान, गुळगुळीत, ताज्या पानांची बाजूला काढली, तर म्हणालीस, “धाकटीचं मन बी धाकटंच.” रहमत बीने माझ्याकडे पाहिलं आणि मी तिच्याकडे. बायकांना अशा वेळी बोलावं लागत नाही.

पुढे तू काय केलंस ते जगात कोणी करत नाही. आधी त्याची साल काढलीस. मग शेपूट छाटलंस, देठ मुळापासून उडवलास, तुकडे केलेस, आणि मग ते उकळत्या पाण्यात सोडलेस. सगळा रंग, सगळी गोडी पाण्यात उतरली. पातेल्यात पाहून तूच किंचाळलीस. “फेक वो थे रगत पहिले! फेक!” मी ते पाणी परसातल्या निंबाच्या बुडाशी ओतून आले. तुकडे उरले पांढरट, चामट, मधे लाकडाच्या गोल गोल रेघा. तू ते तिखट घालून भासऱ्यांच्या ताटात वाढलेस. तुझा नवरा आणि माझा भासरा, तो बिचारा देवमाणूस. काय आहे म्हणून विचारलं, तू म्हणालीस “विलायती भाजी.” तो खाली मान घालून जेवला आणि उठला. तू ती वाहवा समजलीस.

माझी चार मी दुसऱ्या दिवशी शिजवली. माती धुतली, बस. साल ठेवली, शेपूट ठेवलं, देठ बोटभर ठेवला, म्हणजे आतला रंग आतच राहतो. काडी सहज आत जाईपर्यंत उकडली. मग अंगठ्याने नुसतं लोटलं की साल सुटून येते, लेकराच्या अंगातलं अंगरखं निघावं तशी. चिरून जवसाच्या तेलाची फोडणी, मोहरी, तिखट, वरून तिळाचा कूट. पाला वेगळा, हरभऱ्याच्या डाळीत. भाकरीबरोबर घरच्यांनी चाटूनपुसून खाल्लं. तू चव घेतलीस, दोनदा घेतलीस, आणि म्हणालीस:

“सालीसकट शिजवतेत का कोनी? मातीत वाढलेलं हाये थे.”

“रताळं बी मातीतच वाढते नं, बाई? एकादशीले आपन सालीसकटच उकडतो.”

“रताळं रताळं हाये,” तू म्हणालीस आणि उठून गेलीस.

त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक प्रश्नाला तुझं हेच उत्तर. हे काय उत्तर झालं? मी इतकी वर्षं विचारते आहे. त्यात काय अर्थ आहे हे तुला तरी कळलं होतं का?

आणि ती सकाळ. चुकंदर खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवशीची. तू परसाकडून आलीस ती भिंत धरत, पांढरीफटक. मला कोपऱ्यात ओढलंस. “धाकटे, माह्यं काही खरं नाइ. लाल हून राह्यली. सगळं रगत चाललं आंगातलं.” तिथल्या तिथे तुझ्या पाटल्या मला देऊन टाकल्यास, लेकरांवर माया कर म्हणालीस, भासऱ्यांना दुसरं लगीन करू देऊ नको म्हणालीस. माझ्या गळ्यात पडून अशी रडलीस की मी पण रडले. एवढ्यात मला आठवलं की मीही तशीच लाल जाऊन आले होते आणि मला काहीच झालं नव्हतं. रहमत बी आली तेव्हा तिला विचारलं. ती पाटी खाली ठेवून हसत सुटली. “अरे अल्ला! चुकंदर खाल्लं तर होतेच असं!” तुझं तोंड असं झालं की काय सांगू. संध्याकाळच्या आत पाटल्या परत मागितल्यास. मी दिल्या. तुझ्या तेव्हाच्या तोऱ्याची मला अजून कीव येते.

एवढ्यावर थांबली असतीस तर बरं होतं. पाटीभर चुकंदर घेऊन ठेवलं होतंस, ते टिकवायचं कसं हा प्रश्न. घरात तेव्हा कापूस सोडून काही नव्हतं. ओसरीत कापूस, माजघरात कापूस, देवासमोर बसायला जागा नव्हती. लेकरांनी पाय धुतल्याशिवाय त्या बाजूला फिरकायचं नाही असा भासऱ्यांचा हुकूम होता. कारण अमरावतीच्या बाजारात आपला कापूस पांढरा म्हणून नावाजलेला. दलाल गाडीत हात घालून मूठ काढायचा, नुसती पाहायचा, भाव बोलायचा आणि पुढच्या गाडीकडे जायचा. भासऱ्यांना साऱ्या जन्मात गर्व असलाच तर तेवढाच होता.

आणि तू चुकंदर कापसात ठेवलंस.

“कापूस ऊन आत येऊ देत नाइ, थंडी बी नाइ. तुले काय समजते?” तू म्हणालीस. बरं, कापसात ठेवायचं तर कोरडं तरी ठेवायचं. तू ते घासूनपुसून धुतलंस, दिसायला नीट दिसावं म्हणून वरून देठ आणि खालून शेपूट साफ छाटलंस आणि ओलंच्या ओलं, निथळत, माजघराच्या कोपऱ्यातल्या ढिगात खोल खुपसलंस. मी म्हटलं, नदीची ओली वाळू आणते, पाला पिरगळून काढू, न धुता वाळूत पुरू. तुझं उत्तर तयार होतं. रताळं रताळं हाये.

बाजाराच्या दिवशी भासरे बाहेर गाडी जुंपत होते आणि तू ढिगात हात घातलास. चुकंदरं सुरकुतून गेली होती, आणि भोवतीचा कापूस लालभडक झाला होता. तू मटकन खाली बसलीस. बाहेरून भासऱ्यांनी हाक मारली, “आना वो कापूस!” मी तुला इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं, त्या लाल सकाळीसुद्धा नाही. मरणापेक्षा तुला हसं व्हायची भीती जास्त. दोघींनी मिळून तो सगळा लाल कापूस ओरबाडून काढला, जुन्या लुगड्याच्या खोळीत कोंबला आणि तू बसल्या जागी ती शिवून टाकलीस. उशी झाली. चांगला कापूस गाडीत गेला, दलालाने मूठ पाहिली, नाव राहिलं.

मग माझा हात धरून म्हणालीस, “कोनाले सांगशीन तर माह्यं मेलेलं तोंड पाहशीन.”

मी कोणाला सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. त्या वर्षापासून चुकंदर मी परसातल्या फुटक्या रांजणात, पेढी नदीच्या वाळूत ठेवत आले. आठवडेच्या आठवडे टिकायचं, आणि तू एका शब्दाने काही न बोलता त्यातलं खायचीस. आणि त्या उशीवर झोपायचीस. ती टाकून का दिली नाहीस ते तुलाच ठाऊक. पिंजलेला कापूस नव्हता तो, सरकीसकट होता. रात्रभर टोचत असणार. रानात फेकली असतीस तर कोणाला कळलं असतं? पण डोक्याखालून चुकून कोणी नेली तर, या भीतीने तू ती वर्षानुवर्षं डोक्याखालीच ठेवलीस. असल्या बुद्धीपुढे मी हात टेकले.

या माघात तुला तापाने धरलं. उतरेना. खोकल्यातून लाल पडायला लागलं तेव्हा भासरे बाहेर जाऊन बसले. मी तोंड पुसत होते. तू त्या फडक्याकडे पाहिलंस, मग माझ्याकडे, आणि म्हणालीस, “काल चुकंदर खाल्लं होतं नं मी.”

अगं, तू जन्मात कधी थट्टा केली नव्हतीस. तुला येतच नव्हती. केलीस ती एकच, आणि तीही असली. मी हसले. मोठ्याने हसले. तुझ्या तोंडावर जरा गुर्मी आली, नेहमीसारखी, मग तू डोळे मिटलेस. मी परसात जाऊन रांजणाला धरून रडले, ते तुला कळलं नाही. कळायचं कारणही नव्हतं.

आता कालचं ऐक. तुझी बहीण गोदूबाई दर्यापूरहून आली होती. तुझं अंथरूण तर तू गेलीस त्याच दिवशी नदीवर गेलं, पण उशी बाजेखाली सरकली होती ती राहून गेली. काल सकाळी तिला ती सापडली. उशी म्हटल्यावर माणूस उचलून टाकेल की नाही? हिने दाबून पाहिली. आत काही टणक लागलं. बहिणीने दागिने दडवले असतील असं वाटून हिने दार लोटलं आणि शिवण उसवली. दार लोटलं ते मी पाहिलं आहे. तेरा दिवस जी ऊर बडवत होती तिची बोटं फार चपळ चालत होती.

दागिने निघाले नाहीत. इतक्या वर्षांत तो कापूस काळपट तपकिरी झाला होता, वाळल्या रक्तासारखा, आणि त्यात सरकी. गोदूबाई ओरडत अंगणात आली.

“रगत! रगत हाये वो उशीत! माह्या बहिनीवर करनी केली कोनी तरी!” आणि मग सरळ माझ्याकडे बोट. “हिनंच! तिच्या चुलीपाशी कोन होतं? तिचं अंथरून कोन टाके? हिनं खाल्ली माह्या बहिनीले!”

अंगणात सगळी भावकी बसली होती. वरण उकळत होतं. जी माणसं घटकाभरापूर्वी माझ्या हातचं पाणी पीत होती, ती मागे सरकली. बायकांनी आपापली लेकरं पदराखाली ओढली, माझ्याकडे पाहून. एक म्हातारा म्हणाला, देवऋषी बोलवा. दुसरा म्हणाला, पहिले हिला माहेरी पाठवा. चांदीची चाकं करणारी हीच ती शहाणी माणसं. त्यांचं काही नाही, पण मला उमगलं की आता गावात कोणाचं लेकरू तापलं तरी माझंच नाव निघणार. माझ्या पोरींना कोण करून घेणार? माझा नवरा खाली पाहत होता. तुझा नवरा माझ्याकडे पाहत होता, आणि त्याच्या डोळ्यांत मला पहिल्यांदा भीती दिसली. तो मला भ्याला, ते मला सहन झालं नाही.

ओठांवर आलेलं मी गिळलं. शपथ आठवली. मग वाटलं, कसली शपथ? सांगशील तर मेलेलं तोंड पाहशील म्हणाली होतीस. मी तर न सांगताच पाहिलं. एवढी वर्षं तोंड दाबून ठेवलं, काय उपयोग झाला त्याचा?

मी परसात गेले आणि रांजणातली वाळू उकरली. शेवटची दोन उरली होती. तुझ्या पानावर वाढायला राखली होती. एक घेतलं, विळी घेतली, ओसरीतला मूठभर पांढरा कापूस घेतला आणि सगळ्यांच्या मधे बसले. भासऱ्यापुढे तोंड उघडायची आपली रीत नाही. मी उघडलं.

“पाह्या,” म्हटलं, आणि चुकंदर चिरून कापसावर दाबलं. कापूस लाल झाला.

“रगतच हाये थे!” गोदूबाई.

मग मला इतका संताप आला की ते चुकंदर मी त्यांच्यासमोर दाताने फोडून खाल्लं. त्याने आणखीच बिघडलं. ओठ लाल, दात लाल, हनुवटीवरून लाल ओघळ, आणि भावकी किंचाळत उठली. मी तशीच बोलत राहिले. ढीग, माजघर, बाजाराची गाडी, खोळ, शिवण, सगळं सांगितलं. तू धुऊन ठेवलंस तेही सांगितलं. शेपूट छाटलंस तेही.

भासरे उठले. माझ्यासमोरची उरलेली फोड उचलली, तोंडात टाकली, सावकाश चावली. मग त्यांनी ती उसवलेली उशी हातात घेतली आणि आतली सरकी बोटांनी चाचपली.

“म्हनून हिले झोप नाइ ये,” ते म्हणाले. “रातभर कूस बदले. मी म्हनो, कावून? तर म्हने, तुमी घोरता.”

आणि ते हसले. हसता हसता त्यांचे डोळे वाहायला लागले, पण लोकांनी नुसतं हसणं पाहिलं. मग सगळेच हसले. देवऋषीवाला म्हातारा हसला. गोदूबाई तर सगळ्यांत मोठ्याने हसली, मांडीवर थाप मारून. “असीच येडी होती वो आमची! लहानपनापासून!”

ज्याला तू जन्मभर भ्यालीस तेच तुझ्या तेरवीला झालं. आणि मी सुटले म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. पण मला गोदूबाईचा गळा धरावासा वाटला.

“चूप बसा,” मी म्हटलं. “तिले येडी म्हनाचं अशीन तर मी म्हनीन. तुमी कोन?”

तुला तुच्छ मानायचा हक्क माझा होता, कळलं का? चुलीपाशी तुझ्या बाजूला बसून, तुझं अळणी खाऊन, तुझी बोलणी खाऊन मी तो कमावला होता. गाडीत बसून आलेल्यांनी तो फुकट का घ्यावा?

सगळे जेवायच्या तयारीला लागले. भूक त्यांना कुठे सोडते?

मी शेवटचं चुकंदर घेऊन चुलीपाशी आले. आधी साल काढली. शेपूट छाटलं. देठ मुळापासून उडवला. तुकडे केले आणि उकळत्या पाण्यात सोडले. तुझ्या पद्धतीने, अगदी तस्संच. उगाच काही समजू नकोस. पटलं म्हणून केलं नाही. पटलेलं अजून नाहीच. तुकडे पांढरट झाले, चामट झाले. मीठ मी घातलं नाही. तुझं पान निंबाखाली ठेवलं तर कावळ्याने लाडू उचलला आणि भाजीला शिवला नाही. कावळ्यालाही समजतं. पातेल्यात दोन तुकडे राहिले होते ते मी उभ्या उभ्या खाल्ले. अगदी तुझ्या हातचे लागले.

पाणी उरलं, लाल. रात्र गेली, सकाळ झाली, भांडी सगळी घासून झाली. ते पातेलं तेवढं चुलीजवळ तसंच आहे. मी दोनदा उचललं आणि ठेवलं. फेक म्हणून अजून कोणी ओरडलं नाही.